सुवर्णपट्टीवरचा निळा ठिपका

केतकी डुबलचं दूध निळं निघालं, तेव्हा डिसेंबरचा दुसरा आठवडा चालू होता. कृष्णा-कोयनेच्या संगमावरून उठलेलं धुकं नऊ-नऊ वाजेपर्यंत कराड सोडत नव्हतं. दूध तसं पांढरंच होतं. निळा झाला होता तो तपासणीच्या पट्टीवरचा एक ठिपका. चाळीस ठिपक्यांमधला सव्विसावा.

मातृदुग्धपेढीच्या प्रमुख डॉ. नाझनीन मुजावर यांनी तीच बाटली पुन्हा तपासली. मग तिच्या आधीच्या दिवसाची, मग त्याच्याही आधीची. पेढीत प्रत्येक आईचं दूध आठवडाभर गोठवून ठेवायचं आणि दर सोमवारी सगळ्या बाटल्या एकदम तपासायच्या, अशी पद्धत होती. केतकीची सोमवारची बाटली लाल होती, मंगळवारची लाल होती. बुधवारपासून पुढच्या सगळ्या निळ्या.

केतकी आली, तेव्हा मुजावर मॅडमनी तिला आतल्या खोलीत बसवलं.

"केतकीताई, झोपेची गोळी सुरू केलीत का?"

"नाही."

"रागावत नाहीये मी. घेतली असलीत तरी त्यात वाईट काही नाही. फक्त मला कळायला हवं."

"मॅडम, डोकं दुखलं तरी मी गोळी घेत नाही," केतकी म्हणाली. "तुमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी लिहून दिली होती. दूध द्यायचंय म्हणून नको, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं."

मुजावर मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. ही बाई खोटं बोलत नव्हती, हे त्यांना कळत होतं. पण पट्टीही खोटं बोलत नव्हती.

केतकी एका शाळेत भूगोल शिकवायची. सहा आठवड्यांपूर्वी, नववा महिना लागता लागता तिची वार अचानक सुटली. रक्तस्राव एवढा झाला की तिला पूर्ण भूल देऊन ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली आणि सहा तास जगली. केतकी शुद्धीवर आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर मोठ्या माणसांनी सगळं उरकलं होतं. तिनं मुलीला पाहिलंच नाही. तिसऱ्या दिवशी तिला दूध आलं. दूध बंद करायची गोळी घेऊन नर्स उभी होती. केतकीनं विचारलं, "हे दूध कुणाला लागतं का?" तेव्हापासून ती रोज पेढीत येत होती. घरातून बाहेर पडायला तिच्याकडे तेवढं एकच कारण होतं.

"मला दाखवा," ती म्हणाली.

मुजावर मॅडमनी पट्टी उजेडात धरली. बोटाएवढी, पारदर्शक. तिच्यावर मोहरीएवढे ठिपके ओळीनं होते, सगळे डाळिंबी लाल. एक मात्र पावसाळी जांभळासारखा.

"हे सोनं आहे," मॅडम म्हणाल्या.

"लाल?"

"सोनं अतिशय बारीक केलं की पिवळं राहत नाही. एका केसाच्या जाडीत चार-पाच हजार कण शेजारी शेजारी मावतील, एवढे बारीक हे कण आहेत. सुटे असले की लाल दिसतात. एकमेकांना चिकटले की निळे. आता ते सुटे राहावेत म्हणून प्रत्येक कणाभोवती डीएनएचे छोटे धागे गुंडाळलेले असतात. हे धागे आम्ही मुद्दाम घडवतो. कानातल्याची फिरकी कशी तिच्याच कुडीला बसते, दुसरीला नाही? तसा एकेक धागा एकाच औषधाला बसतो. दुधात ते औषध असलं की धागा सोनं सोडतो आणि औषधाला जाऊन बिलगतो. सोनं उघडं पडतं. उघडे कण एकमेकांना चिकटतात आणि ठिपका निळा होतो."

"आणि हा सव्विसावा?"

"सुप्तिन. झोपेचं नवं औषध."

केतकीला नाव आठवलं. वरच्या डॉक्टरांनी हेच लिहून दिलं होतं.

"अजून एक आहे," मॅडम म्हणाल्या. "पोटात गेलेलं औषध शरीर तसंच ठेवत नाही, त्याचे तुकडे करतं. काही तुकडे लवकर तयार होतात, काही उशिरा. फरशीवर ओली पावलं उमटली की कुठलं पाऊल किती वाळलंय त्यावरून माणूस कधी गेला ते सांगता येतं. तसंच हे. सत्तावीस आणि अठ्ठावीस नंबरचे ठिपके त्या तुकड्यांचे. त्यांचा रंग डोळ्यांना कळू नये इतकाच बदलतो; तो किती फिका, किती गडद हे यंत्र मोजतं आणि वेळ सांगतं." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "मंगळवारपासून रोज. संध्याकाळी साडेसात ते आठच्या दरम्यान."

केतकी पडद्याकडे बघत राहिली. साडेसातला जेवण व्हायचं. मग तिचा नवरा संग्राम तिच्यासाठी हळद आणि गूळ घालून दूध गरम करायचा. मंगळवारपासूनच.

तिनं तसं काही सांगितलं नाही. तिनं वेगळंच विचारलं.

"हे औषध काय करतं, मॅडम? झोप आणतं एवढंच?"

"झोप आणतं. आणि झोपेतला स्वप्नांचा जो भाग असतो, तो वाढवतं. स्वप्नं लांब पडतात, खरी वाटतात. सकाळी नीट आठवतात. का?"

केतकीनं पट्टी पुन्हा उजेडात धरली.

*

स्वप्नं मंगळवारीच सुरू झाली होती.

पहिल्या रात्री घर पाण्यावर होतं. पाणी इतकं स्थिर, की तेच जमीन होतं. केतकी त्यावर मांडी घालून बसलेली आणि मांडीवर मुलगी. केस ओले, मुठी मिटलेल्या. दुसऱ्या रात्री तिची मान धरली होती. तिसऱ्या रात्री ती पालथी पडली आणि स्वतःवरच खूश होऊन हसली. घराच्या बाजूनं एक नदी जात होती. केतकीला देशातल्या सगळ्या नद्या पाठ, पण ही कुठल्याच नकाशात नव्हती. ती डोंगराकडे वाहत होती, आणि त्यात काही चूक आहे असं स्वप्नात कुणालाच वाटत नव्हतं. पाचव्या रात्री मुलगी रांगत नदीपर्यंत गेली. सहाव्या रात्री, म्हणजे कालच, खिडकीचे गज धरून उभी राहिली.

दर रात्री ती दीड-दोन महिन्यांनी मोठी होत होती. सकाळी केतकी डोळे न उघडता पडून राहायची. अंगात ऊब असायची. आपलं दुःख आता आपल्याशी मायेनं वागायला लागलंय, असं तिला वाटलं होतं. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. संग्रामलाही नाही.

आता कळलं होतं, की ते दुःखानं दिलेलं नव्हतंच.

"मॅडम," ती उठताना म्हणाली, "एक पट्टी मला द्याल? गाईच्या दुधावर चालते का ही?"

मुजावर मॅडमना सगळं समजलं. नियमात बसत नव्हतं, तरी त्यांनी ड्रॉवर उघडला.

*

संग्राम डुबल पाटबंधारे खात्यात होता. नदीची पातळी मोजणारी यंत्रं आता आपोआप चालत. त्यांच्यावर देखरेख ठेवणं, गाळ साफ करणं, आकडा चुकीचा वाटला तर स्वतः जाऊन बघणं हे त्याचं काम. मोजक्या शब्दांचा माणूस. त्या संध्याकाळी त्यानं नेहमीसारखं दूध तापवलं, गूळ चिरून घातला आणि पेला तिच्यापुढे ठेवला.

केतकीनं पेला उचलला नाही. पदराखालून पट्टी काढली, चमच्यानं दुधाचे चार थेंब तिच्या टोकावरच्या गाळणीत सोडले. साय आणि हळद वरच राहिली. नितळ पाणी पट्टीतून हळूहळू पुढे सरकत गेलं.

संग्राम ओट्यापाशी हात पुसत होता. त्याचे हात थांबले.

"काय आहे हे?"

"तूच सांग."

चार मिनिटं लागली. सव्विसावा ठिपका आधी काळपट झाला, मग जांभळा, मग निळा. दोघंही बघत होते.

"किती दिवस देणार होतास?" केतकीनं विचारलं.

तो समोरच्या खुर्चीवर बसला. "मंगळवारी पहाटे उठलो तर तू घरात नव्हतीस," तो म्हणाला. "घाटावर आलो. धुक्यात काही दिसत नव्हतं. मग तुझी शाल दिसली. तू गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी होतीस. मी हाक मारली, तू वळली नाहीस. परत मारली. तिसऱ्या हाकेला वळलीस आणि म्हणालीस, पाणी किती गार आहे बघ."

"मी जीव द्यायला गेले नव्हते."

"मला काय माहीत?"

"विचारायचं."

"विचारलं असतं," संग्राम म्हणाला, "आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

केतकीनं पेला बाजूला सारला. राग गेला नव्हता.

"सहा दिवसांचं दूध बाद झालं माझं," ती म्हणाली. "चोरासारखं मला त्या खोलीत बसवलं. मी खोटं बोलतेय असं वाटलं त्यांना."

"डॉक्टरांची ती चिठ्ठी घेऊन गेलो, तेव्हा मेडिकलवाला म्हणाला, दुधात काही उतरत नाही. उतरलं तरी नखाएवढं."

"ते दूध ज्याला जातं, ते आठशे ग्रॅमचं बाळ असतं, संग्राम. त्याला नख पुष्कळ होतं. श्वास घ्यायचा विसरतं ते."

संग्रामनं दोन्ही तळहातांत तोंड धरलं. तो रडत होता की नुसता बसला होता, ते तिला कळलं नाही. आणि त्या क्षणी कळून घ्यावंसंही वाटलं नाही.

"गोळ्या कुठायत?" तिनं विचारलं.

तो उठला. वरच्या फळीवरच्या रव्याच्या डब्यामागून त्यानं पाकीट काढून दिलं. आठ उरल्या होत्या. ती आता त्या सिंकमध्ये टाकेल असं त्याला वाटलं. तिनं त्या नेऊन स्वतःच्या कपाटात ठेवल्या.

त्या रात्री ती जागीच होती. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं स्वतः दूध तापवलं, पाकीट आणलं आणि संग्रामच्या देखत एक गोळी तोंडात टाकली.

"केतकी..."

"आज मी घेतेय," ती म्हणाली. "तू देत नाहीयेस. त्यात फरक आहे."

*

स्वप्नात मुलगी चालायला लागली होती. नदीच्या काठानं दुडुदुडु पुढे जात होती आणि मागून केतकी. पाण्याचा आवाज नव्हता. वर आभाळातून पांढऱ्या पेट्या घेऊन ड्रोन चालले होते, पेढीच्या गच्चीवरून कोयनेच्या खोऱ्यातल्या गावांना दूध नेतात तसे, पण हे सावकाश, बगळ्यांसारखे पंख हलवत. मुलगी थांबली. तिनं वर बोट दाखवलं. केतकी म्हणाली, "हो, आपलंच आहे ते." मुलगी पुढे चालायला लागली.

सकाळी केतकी अंथरुणात बसून राहिली. अजून सात गोळ्या आहेत, तिनं हिशेब केला. त्या संपल्या तर आणखी मिळतील. अजून सात रात्रींत ही बोलायला लागेल.

ती पेढीत गेली, ती हे सांगायला, की मी दूध बंद करते.

मुजावर मॅडमनी तिचं सगळं ऐकून घेतलं. स्वप्नांचंही. ती पहिल्यांदाच कुणाला तरी ते सांगत होती. नदी उलटी वाहते हे सांगताना ती थोडी हसलीसुद्धा.

"मी तुम्हाला दूध द्या म्हणून आग्रह करणार नाही," मॅडम म्हणाल्या. "औषध वाईट नाही. तुम्हाला गरज असेल तर डॉक्टरांना विचारून राजरोस घ्या. झोपसुद्धा जगायलाच लागते. आपण दूध थांबवू. आणि गोळी नको असेल तर सोडा. पाच दिवसांत पट्टी लाल होईल. पण मग तुम्ही आणि तुमचे मिस्टर, दोघांनी आमच्या समुपदेशक बाईंकडे जायचं. एकटीनं जागायचं नाही. दोन्हींतलं काहीही केलंत तरी त्यात चूक नाही."

"तुम्ही काय केलं असतं?"

"मला मुलं चार, आणि चारही घरात भांडतायत," मुजावर मॅडम म्हणाल्या. "मी कसं सांगू?"

बाहेर पडताना कॉरिडॉरमध्ये प्रमिला सिस्टर भेटल्या. वीस वर्षं नवजात विभागात काढलेली बाई. हातात बर्फाची पेटी.

"काय गं, बाटली नाही आणलीस?"

"नाही आणली."

"आण बाई. आज तीन बाळांना मिळून दीडशे मिलीलिटरच दूध उरलंय. एक तर काल आलंय, आठशे चाळीस ग्रॅमचं. आईला अजून शुद्ध नाही." मग त्यांच्या लक्षात आलं आपण कुणाशी काय बोललो ते, आणि त्यांनी जीभ चावली. "तू जा घरी. थंडी आहे."

केतकी जिन्यात थांबली. त्या न पाहिलेल्या बाईचा विचार तिच्या मनात आला. ती आत्ता कुठल्या तरी पांढऱ्या खोलीत पडली असेल, आणि आपल्याला काय झालं हे तिला उद्या किंवा परवा कुणीतरी सांगेल. ते सांगणं काय असेल, ते अजून ठरायचं होतं.

घरी आल्यावर तिनं सात गोळ्या संग्रामच्या हातात दिल्या. "परत करून ये मेडिकलमध्ये," ती म्हणाली. "घेत नसेल तर तुझ्या ऑफिसात ठेव. घरात नकोत."

*

पाच दिवस सोपे नव्हते. दूध आटू नये म्हणून ती ठरल्या वेळी पंप लावायची आणि भरलेली बाटली मोरीत ओतून द्यायची. दर वेळी ओतताना तिला तोंड फिरवावं लागे. समुपदेशक बाईंकडे दोघं जाऊन आली. तिथं संग्राम तिच्यापेक्षा जास्त बोलला. पहाटे जाग आली की ती त्याला हलवायची आणि दोघं स्वेटर घालून त्याच्या यंत्रांकडे फिरायला जायची. गुऱ्हाळांचा गोड धूर धुक्यात मिसळलेला असायचा. संग्राम पातळी वाचून दाखवायचा. ती ऐकायची. एवढंच बोलणं व्हायचं.

स्वप्नंही विरत गेली. पहिल्या रात्री मुलगी लांब काठावर होती, पाठमोरी. दुसऱ्या रात्री नुसती नदी. तिसऱ्या रात्री केतकी एका वर्गात शिकवत होती आणि फळ्यावरचा नकाशा पुसला जात होता. चौथ्या रात्री झोपच लागली नाही.

सहाव्या दिवशी सकाळी मुजावर मॅडमनी तिच्यासमोर पट्टी तपासली. चाळीसही ठिपके लाल राहिले. चार मिनिटं झाली, पाच झाली, तरी लाल. मॅडमनी बाटलीवर चिठ्ठी लावली. त्या दुपारी प्रमिला सिस्टरनी एका नळीतून, थेंब थेंब करत, दोन मिलीलिटर दूध कुणाच्या तरी पोटात सोडलं. ते कुणाचं मूल होतं हे केतकीला नियमाप्रमाणे सांगितलं गेलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीपाशी पंप लावून बसली होती. संग्रामनं चहा आणून ठेवला. बाहेर काही दिसत नव्हतं.

"रात्री मला स्वप्नं पडायची," ती एकदम म्हणाली. "त्या गोळीनं. ती दिसायची."

तो उभाच राहिला.

"आता दिसत नाही. आणि काल माझ्या लक्षात आलं, तो चेहरा माझ्या मामेबहिणीच्या मुलीचा होता. तिच्या बारशाचे फोटो आहेत ना माझ्याकडे, त्यातला. मला आपल्या मुलीचा चेहरा माहीतच नाही, तर मनानं दुसऱ्याचा उचलला."

संग्राम हळूच तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय?"

"चेहरा. मी होतो तिथं, सहाही तास. सगळे म्हणाले तुला काही सांगू नको, जखम भरू दे. म्हणून नाही बोललो."

पंपाची टकटक चालू होती. केतकीनं तो बंद केला नाही. तिनं फक्त मान पुढे केली.

"सांग."

"केस खूप होते. काळे, कपाळावर चिकटलेले. डाव्या कानाची पाळी दुमडलेली, तुझ्या बाबांच्या कानासारखी. नाक तुझं नव्हतं, माझंही नव्हतं. कुणाचं होतं कुणास ठाऊक. उजव्या हाताची करंगळी सारखी वेगळी राहायची. मूठ मिटली तरी ती बाहेरच."

"मग?"

"मग शेवटी डॉक्टरांनी नळ्या काढल्या आणि मला म्हणाले, घ्या. चाळीस मिनिटं होती माझ्याकडे."

"तू काय केलंस?"

"मला गाणं येत नाही. मी तिला सांगत बसलो. आपलं घर कुठंय, नदी कुठून येते, आज पातळी किती होती. तुला भूल दिलीय म्हणून तू आली नाहीस, हे सांगितलं. तुझं नाव सांगितलं. तुझं नाव घेतलं तेव्हा तिनं डोळे उघडले असं मला वाटतं. नक्की आठवत नाही, केतकी. उघडले होते असं म्हणावंसं वाटतं."

"मग म्हणू नकोस," ती म्हणाली. तिनं त्याच्या केसांवर हात ठेवला. "झालं तेवढंच सांग."

त्यानं तेवढंच सांगितलं. ती मध्ये मध्ये विचारत होती: दुपट्याचा रंग कुठला, अंगाला वास कसला होता, शेवटी हात गार झाले की पाय. काहींची उत्तरं त्याच्याकडे होती. काहींना तो "नाही आठवत" म्हणाला, आणि तेही तिनं ऐकून घेतलं. बाटली फ्रीजमध्ये ठेवायला तेवढी ती उठली, परत येऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आता पहिल्यापासून सांग."

त्या दिवशी पेढीत पोचायला त्यांना बारा वाजले.